खाचा एका रेषेत

लग्न ठरलं तेव्हा अल्लीपूरला मी मैत्रिणींना सांगत सुटले होते की माझा होणारा नवरा बंदूकवाला आहे. बंदूकवाला म्हणजे नेमकं काय, हे मलाही ठाऊक नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे मिशीला पीळ देणारा, खांद्यावर दुनळी टाकून जंगलातून येणारा कुणीतरी होता. प्रत्यक्षात वर्ध्याच्या बाजारातल्या एका अरुंद दुकानात मांडीवर पोतं घेऊन कानस घासत बसलेला सडपातळ माणूस निघाला. डोळ्यांवर जाड चष्मा, नखांत काळं तेल, आणि मिशी म्हणाल तर शाळकरी पोराला असते तेवढी. मी पहिला आठवडाभर रुसून होते. कुणावर रुसले होते हे घरात कुणालाच कळलं नाही, म्हणून शेवटी मीच रुसवा काढला.

हे म्हणजे माझे यजमान. नाव घ्यायची सवय कधी लागली नाही, आता या वयात लावून घेणार नाही.

दुकान सासऱ्यांचं. बंदुका दुरुस्त करायचा सरकारी परवाना भिंतीवर काचेत लावलेला, त्याला रोज उदबत्ती. गिऱ्हाईक म्हणजे आसपासच्या गावांतले शेतकरी. रानडुकरं चण्यात, तुरीत शिरून एका रात्रीत वावर उलटंपालटं करतात, म्हणून कुणाकुणाकडे परवान्याची बंदूक असते. कुणाची गंजलेली, कुणाचा लाकडी दस्ता तडकलेला, कुणाची वडिलांच्या वेळची. चादरीत गुंडाळून, बाळंतिणीला आणावं तशी जपून ती लोकं बंदूक दुकानात आणायची.

मला त्या कामाचं वेड लागलं ते कौतुकानं नाही, अहंकारानं. माहेरी जाऊन सांगायचं होतं ना काहीतरी! सासऱ्यांच्या मागे लागले, मलाही शिकवा. सासूबाई म्हणाल्या, "झालं! आता हेच राह्यलं होतं. पोळ्या कोण लाटन? बंदूक?" पण सासरे हसले. त्यांची नजर तेव्हा अधू होत चालली होती, आणि मागच्या खोलीत बसून बारीक सामान हाती देणारं कुणी त्यांना हवंच होतं.

आमच्या घराचा एक नियम होता. शिकणाऱ्यानं आधी एक साधं पिस्तूल निवडायचं आणि तेवढंच उघडायचं, जोडायचं, पुन्हा उघडायचं. त्याला सासरे ‘पहिलं पिस्तूल’ म्हणत. ते न बघता जोडता आलं की मगच गिऱ्हाइकाच्या बंदुकीला हात लावायचा. हा नियम नुसता शिकाऊ माणसाला नव्हता. मिस्त्री आजारातून उठला तरी त्यानं आधी पहिलं पिस्तूल जोडून दाखवायचं. सासरे स्वतः टायफॉइडमधून उठले तेव्हा घोंगडी पांघरून, थरथरत, त्यांनी ते जोडलं होतं आणि यांच्यापुढे तपासायला धरलं होतं. बापानं मुलाला परीक्षा दिली, आणि मुलानं एकदा नापासही केलं. सासरे गुपचूप आणखी चार दिवस पडून राहिले.

तर सासऱ्यांनी माझ्यापुढे पोत्यावर पिस्तुलं मांडली. सगळी मुकी, म्हणजे नळीत शिसं ओतून कायमची बंद केलेली, शिकण्यापुरती ठेवलेली. म्हणाले, "निवड बाई. घाई करू नको."

मी कशाला घाई करते! मी हिंगणघाटच्या बाजारात साडी निवडावी तशी निवडायला लागले. एक होतं चकचकीत, पांढऱ्या मुठीचं, नळीवर वेलबुट्टी कोरलेलं. आणि एक होतं काळं, ठेंगणं, एकाच गोळीचं, बेडकासारखं. त्याच्याकडे मी पाहिलंसुद्धा नाही. वेलबुट्टीवालं उचललं आणि आरशासारखं तोंडापुढे धरलं.

हे दारात उभे होते. म्हणाले, "मुंडावळ्या बांधून आणू काय त्याले?"

सासऱ्यांनी माझ्या हातात पेचकस दिला. मी मोठ्या ऐटीत पहिला स्क्रू काढला, दुसरा काढला, आणि आत दडून बसलेली स्प्रिंग अशी सुटली की ती कुठं गेली ते तिच्या आईलाही सांगता आलं नसतं. आम्ही सगळं घर झाडून काढलं. दुपारी पंगत बसली, आणि सासूबाईंच्या दाताखाली वरणात कट्‌ असा आवाज आला. त्यांनी ती बोटांनी बाहेर काढली, ताटाच्या कडेला ठेवली आणि सासऱ्यांना म्हणाल्या, "तुमची सून शिजली नाई अजून. कच्चीच आहे."

मग सासऱ्यांनी मला ते बेडूक दिलं. "देखण्या पिस्तुलात माणूस पिस्तुलाकडे पाह्यते, कामाकडे नाई," म्हणाले. "पह्यलं कसं असावं? उघडलं तर उघडणारं. आतमधी चारच गोष्टी, अन् चारही आपापल्या जागी दिसणाऱ्या. बिघडलं तं कुठी बिघडलं ते सांगणारं."

त्यांनी आणखी एक गोष्ट शिकवली, ती आमच्या घराची खूण होती. स्क्रूच्या डोक्यावर पेचकस बसायला खाच असते. काम संपलं की सगळ्या खाचा नळीच्या दिशेनं, एका रेषेत यायला हव्यात. एक जरी आडवी राहिली तरी सासरे पूर्ण उघडायला लावत. मला ती शोभा वाटायची. ते म्हणाले, "शोभा नोय ते. सगळ्या एका रेषेत असल्या अन् मंग एखादा स्क्रू ढिला झाला, तं तेवढी एक खाच वाकडी दिसते. वावरात अंधारात माणसानं नुसता अंगठा फिरवला तरी त्याले समजते." रेषेत येऊन घट्टही बसला पाहिजे, सैल ठेवून रेष जुळवणं ही चोरी. त्यासाठी स्क्रूच्या डोक्याखाली केसाएवढं घासावं लागतं, पुन्हा लावून पाहावं लागतं, पुन्हा घासावं लागतं.

मला ते जमायला पावसाळा गेला, हिवाळा गेला. जमलं तेव्हा पोटात थोरला होता. मग धाकटी. मग सासऱ्यांना दिसेनासं झालं, मग सासरे गेले. गिऱ्हाइकाच्या बंदुकीपर्यंत मी कधी पोचलेच नाही. आयुष्यभर पहिलीच्या वर्गात बसले आणि माहेरी मात्र सांगत राहिले, आमच्या दुकानात यांव अन् आमच्या दुकानात त्यांव. पुढे कायदे कडक झाले, ती मुकी पिस्तुलंही सरकारजमा झाली. बेडूक नेलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उगाच भांडी आदळत बसले.

हे सगळं सांगायचं कारण मागचा हिवाळा.

आता आम्ही बोरगाव मेघेला राहतो. थोरला नोकरीच्या गावी, त्याची मुलगी इथं पॉलिटेक्निकला म्हणून आमच्याजवळ. हे सकाळी आंघोळ करून दुकानात जायला निघाले, चपलेत उजवा पाय घातला आणि तसेच भिंतीला टेकले. तोंड वाकडं झालं. दवाखान्यात वेळेवर पोचलो, जीव वाचला, बोलणं परत आलं, पायही चालायला लागला. उजवा हात तेवढा परत आला नाही. आला, पण पाहुण्यासारखा आला. असायचा, पण घरचं काम सांगता यायचं नाही.

व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. तिनं यांच्या हातात मऊ पिवळा चेंडू दिला. "आजोबा, दाबा."

"मी काय लहान पोट्टा हाओ चेंडू दाबाले?" हे म्हणाले.

मुलगी शहाणी होती. म्हणाली, "मग तुम्हाला आवडतं ते करा. हाताला रोज काम द्या म्हणजे झालं. लवकर सुरू केलं तर येईल."

त्याच आठवड्यात अल्लीपूरकडचा एक शेतकरी घरी आला. माझ्या माहेरच्या शिवेवरचा, म्हणून मला काकू म्हणतो आणि यांना काकाजी. त्याची एकनळी बंदूक यांच्या आजारपणाच्या आधीपासून दुकानातल्या लोखंडी कपाटात पडून होती. तिचा घोडा, म्हणजे मागून आदळणारा भाग, ताणून धरला तरी आपोआप सुटायचा. अशी बंदूक म्हणजे चालता चालता कुणाचा तरी पाय नेणारी. तिकडे डुकरांनी त्याच्या तुरीत धुमाकूळ घातला होता, हा रात्रभर डबे वाजवत बसायचा.

"नागपूरले नेतो म्हणत असशीन तं ने," हे म्हणाले.

"नाई जी. माह्या बापाची बंदूक तुमच्या बाबानं केली, माही तुमी केली. दुसऱ्याच्या हातात देत नाई मी. तुमी बरे व्हा, मी डबे वाजवतो तवरोक."

यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "पह्यलं पिस्तूल जोडून दाखवतो. जमलं का तुह्या बंदुकीले हात लावतो."

तो गेल्यावर मला म्हणाले, "अवं, पिस्तूल पाह्य एखादं."

बेडूक तर सरकारकडे. खरं पिस्तूल घरात आणता येत नाही, आणायचंही नव्हतं. मग छर्ऱ्याचं, हवेच्या दाबावर चालणारं, जत्रेत फुगे फोडतात ते. नात मोबाइल घेऊन बसली. एकाहून एक काळी, चकचकीत, दिवे लागणारी पिस्तुलं. "आजी, हे बघ, अगदी खरं वाटतं! याला गॅसची नळकांडी बसते."

मी तिच्याकडे पाहिलं आणि मला वेलबुट्टीवालं तोंडापुढे धरलेली ती अल्लीपूरची महामाया दिसली. म्हटलं, "तुही पणजी असती तं तिनं वरण दाखवलं असतं तुले."

"काय?"

"काही नाई. चाल, पवनारले जाऊ."

पवनारला नदीकाठी सुटीच्या दिवशी लोकं येतात, तिथं एक फुगेवाला फळा लावून बसतो. त्याच्या छर्ऱ्याच्या बंदुका आमच्याच दुकानात यायच्या. बसनं गेलो. त्यानं मला ओळखलं, यांची तब्येत विचारली, आणि हातातलं गिऱ्हाईक सोडून दोन पिस्तुलं समोर ठेवली. एक नवं, प्लॅस्टिकचं. दुसरं जुनं, लोखंडी, रंग उडालेलं, नळी मोडून छर्रा भरायचं. त्याची मूठ एका बाजूनं झिजून तिरपी झालेली.

नवं उलटं केलं. सगळीकडे रिव्हेट ठोकलेले. म्हटलं, "हे उघडत नाई."

"उघडायचं कशाले काकू? बिघडलं का फेकायचं."

"तेच तं." रिव्हेट मारलेलं पिस्तूल आणि रिव्हेट मारलेला माणूस, दोन्ही फोडल्याशिवाय उघडत नाहीत. मला दोन्हींचा अनुभव आहे. जुनं घेतलं. स्क्रू मोजके, डोकी मोठी, लुळ्या बोटांना सापडतील अशी. नळी मोडून कानाशी धरली, स्प्रिंग कुरकुरली, म्हणजे जिवंत होती. आत काय असेल ते बाहेरून सांगता येत होतं. नातीनं नाक मुरडलं. "आजी, किती कुरूप आहे गं!"

"म्हणूनच."

फुगेवाला पैसे घेईना. शेवटी नातीनं सगळे फुगे फोडून त्याचे पैसे वळते केले. माझा एकही नेम लागला नाही. बंदूकवाल्याची बायको!

घरी आणलं. यांनी डाव्या हातात घेऊन उलटंपालटं पाहिलं, नळी मोडली, मिटली. त्या वाकड्या तोंडानं हसले. "बाबानं हेच निवडलं असतं," म्हणाले. उभ्या जन्मात माझं एवढं कौतुक यांनी केलं नव्हतं. मी लगेच चहा टाकायला गेले, नाहीतर माझं तोंड यांना दिसलं असतं.

मग रोज दुपारी ओसरीवर पाट, पाटावर जुनं धोतर, धोतरावर पिस्तूल, पेचकस आणि कानस. उघडणं लवकर जमलं. उघडणं सगळ्यांनाच जमतं. जोडताना डावा हात धरायचा आणि उजव्यानं पेचकस फिरवायचा, की पेचकस खाचेतून सटकायचा. पुन्हा बसवायचे, पुन्हा सटकायचा. मी आत तांदूळ निवडत बसायचे आणि प्रत्येक सटकण्याचा आवाज मोजायचा नाही असं ठरवून ऐकायचे. कधी बोटं ऐकायची. तेव्हा हे मोठ्यानं म्हणायचे, "आला!" म्हणजे स्क्रूचा पहिला आटा धरला. मी आतून म्हणायचे, "आला तं बसवा त्याले, चहा पाजा." दुसऱ्या दिवशी पुन्हा काही नाही. थंडी वाढली तशी बोटं आणखी आखडली. व्यायामाची मुलगी आता "येईल" म्हणत नव्हती, "चालू ठेवा" म्हणत होती. हा फरक मला कळला. यांनाही कळला असणार, पण आम्ही एकमेकांना विचारलं नाही.

एका दुपारी यांनी सगळं आत बसवलं. स्प्रिंगसुद्धा, गुडघ्यात धरून. स्क्रू भोकांपाशी नुसते टेकवलेले, तेवढे आवळायचे राहिले होते. पेचकस सटकला. पुन्हा सटकला. मग तो अंगणात जाऊन पडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन पाहिलं तर हे खुर्चीत मान मागे टाकून पडले होते. गालावरून ओघळ. औषधांनी यांना दुपारी गुंगी येते, तशातच डोळा लागला.

मी पेचकस उचलून आणला.

मी काय करते आहे ते मला चांगलं कळत होतं. थोडंसं आवळायचं, जेमतेम, ओबडधोबड, आजारी माणसानं केल्यासारखं. उठले की म्हणायचं, तुमीच तर केलं, मग डोळा लागला. एवढं एकदा जमलं असं वाटलं तर हाताला हुरूप येईल, हुरूप आला तर हात येईल. असा माझा हिशेब. तरुणपणी स्प्रिंग वरणात टाकणाऱ्या बाईचे हिशेब म्हातारपणी सुधारतात असं कुठं आहे!

हे उठले. मी पाटाकडे बोट दाखवलं. "झालं की हो तुमचं!"

"मी केलं?"

"मंग काय मी? आवळलं अन् झोपले."

यांनी पिस्तूल उचललं. नळी मोडली, मिटली, चाप ओढला. टप्प! भिंतीवरची पाल पळाली. पुन्हा नळी मोडून मिटली, चाप ओढला. टप्प! यांचा चेहरा कसा झाला ते मी लिहू शकत नाही. संध्याकाळी एक भाकर जास्त खाल्ली. शेतकऱ्याला स्वतः फोन लावला, "रविवारी येजो. तुही बंदूक काढतो." नातीला बोलावून सासऱ्यांच्या टायफॉइडची गोष्ट सांगितली, जी तिनं शंभरदा ऐकली होती. मी पलीकडे बसून हसत होते.

रविवारी आम्ही दुकान उघडलं. आजारपणानंतर पहिल्यांदा यांनी परवान्यापुढे उदबत्ती लावली, डाव्या हातानं. शेतकरी आधीच पायरीवर बसला होता. यांनी त्याला आत घेतलं आणि पिशवीतून पिस्तूल काढलं.

"पाह्य. नियम म्हंजे नियम. आधी हे पाह्य, मंग तुही."

"मले काय समजते जी त्यातलं?"

"कसं नाई समजत? इकडे ये. अंगठा फिरव. हे असं, नळीच्या बाजूनं..."

त्याला दाखवताना यांनी स्वतःचा डावा अंगठा स्क्रूंवरून फिरवला. आणि बोलता बोलता थांबले. अंगठा परत मागे नेला. पुन्हा पुढे. चष्मा कपाळावर चढवून पिस्तूल डोळ्यांजवळ आणलं. तेव्हा मीही वाकून पाहिलं.

सगळ्या खाचा एका रेषेत होत्या.

ओबडधोबड करायचं म्हणून बसले होते मी. पण हात! त्या हाताला सासऱ्यांनी एका पावसाळ्यात आणि एका हिवाळ्यात जे शिकवलं होतं, ते त्यानं मला न विचारता केलं. मी स्क्रू काढून घासले कधी, पुन्हा लावले कधी, मला सांगता येणार नाही. आडवी खाच सोडून उठणं या हाताला येतच नव्हतं.

"हे कोणं केलं?" यांनी विचारलं.

"तुमीच."

"माह्या हातानं एवढी रेष धरली असती तं सकाळी चहा सांडला असता काय मी?"

मी उदबत्तीची राख पदरानं पुसू लागले.

"बाबानंतर अशी रेष या घरात दोघांचीच," हे म्हणाले. रागानं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं, मी भांडले असते.

शेतकरी बिचारा एकदा यांच्याकडे पाहायचा, एकदा माझ्याकडे. त्याला जेवढं कळलं तेवढ्यावर त्यानं तोडगा काढला. "जाऊ द्या न काकाजी. काकूनं केलं तं काय झालं? एवढं येते काकूले, तं काकूच करन माही बंदूक. तुमी बसून सांगा."

यांनी माझ्याकडे पाहिलं. "करशीन?"

खोटं बोलायची माझी हौस तोवर फिटली होती. "नाई," मी म्हटलं. "घोडा कुठी धरते अन् कुठी घसरते, ते मले कधी समजलंच नाई. मी पह्यल्याच्या पुढी गेले नाई. अन् परवाना तुमच्या नावाचा आहे."

"तं मंग तुमीच करा न हळूहळू," शेतकरी म्हणाला. "एक महिना लागन, दोन लागन. मी डबे वाजवतो. डुक्कर खाईन तेवढं खाईन."

"तसं नाई बापू," हे म्हणाले. "मी अर्धवट केली अन् तू वावरात एकटा असशीन. तुह्या जवळ तवा मी नसतो, काकू नसते. तुहा पाय गेला तं तू मले काही म्हणणार नाई, ते मले ठाऊक आहे. म्हणूनच."

यांनी किल्ली मला दिली. मी कपाट उघडलं आणि बंदूक काढली. ती यांनाच त्याच्या हातात द्यायची होती, म्हणून डाव्या हातानं धरली, उजवा नुसता खाली लावला, आणि उजव्यावर वजन पडलं तशी ती कलली. शेतकऱ्यानं दोन्ही हातांनी झेलली. मग तो यांच्या पाया पडला. हे त्याला नागपुरातल्या एका मिस्त्रीचा पत्ता सांगत होते, कोणत्या बसस्टॉपवर उतरायचं, कोणत्या गल्लीत वळायचं. "त्याले म्हणजो, घोडा अडकून धरते तो खालचा दात घासू नको, नवाच टाक. घासला तं चार महिन्यानं तेच." त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

तो चादर गुंडाळत बाहेर पडला. मी पायरीपर्यंत गेले. तो रडत होता, अन् मला म्हणत होता, "रडू नका काकू."

मी नंतर खूपदा विचार केला आहे. एक, नुसती एक खाच मी आडवी ठेवली असती, तर हे आजही त्या समजुतीत असते. त्या रविवारी यांनी ती बंदूक उघडली असती. आणि हात सटकला असता. म्हणजे मला असंही म्हणता येत नाही की खाच आडवी राहायला हवी होती. आणि सरळ राहिली ते बरं झालं, हे तर माझ्या तोंडून निघतच नाही. दोन्हीकडून दार बंद.

दुकानात परत आले तेव्हा हे सामान आवरत होते. कानशी एकीकडे, पेचकस एकीकडे, तेलाची बाटली बूच लावून. डाव्या हातानं सगळं सावकाश. ते पिस्तूल तिथंच पोत्यावर होतं, त्याला यांनी हात लावला नाही.

"अवं, शटर ओढ."

शटर जड आहे, मला एकटीला ओढवत नाही. यांनी डाव्या हातानं धरलं, मी दोन्ही हातांनी, आणि ते करकरत खाली आलं. ऐन बाजाराची वेळ, रस्त्यावर गर्दी. समोरच्या पानठेल्यावाल्यानं मान वर केली.

"काकाजी! आजच तं उघडलं. एवढ्यात बंद काऊन?"

"जेवाले चाललो," हे म्हणाले.

आणि आम्ही खरंच घरी जाऊन जेवलो. अंबाडीची भाजी होती, ज्वारीची भाकर होती. मी भाकर कुस्करून देऊ लागले, तर यांनी ताट आपल्याकडे ओढून घेतलं आणि डाव्या हातानं, खाली मान घालून, एकेक घास जेवत राहिले.